आखरीवरची शोकसभा

यमुने, तू गेल्यापासून गावाला तू फारच आवडायला लागली आहेस. मागच्या दिवाळीपासून तुझं नाव निघालं की तोंड फिरवणारी माणसं आता आपल्या अंगणात खुर्च्या मागवून बसतात, चहा पितात आणि तुझ्याविषयी मलाच माहिती देतात. बाई हिमतीची होती म्हणतात. गावासाठी झिजली म्हणतात. मी ऐकून घेते. नंतर कपबशा विसळताना त्या इतक्या आपटते की तुझा भाऊ पडवीतून विचारतो, काय फुटलं.

तुला हे पाहून हसू आलं असतं. तुझं ते घशातल्या घशात हसणं, ज्याचा सासूबाईंना एवढा राग यायचा. मला हसू येत नाही. मला संताप येतो, आणि तो कुणावर काढायचा तेही ठरत नाही. गावावर काढावा तर याच गावात राहायचं आहे. साहेब लोकांवर काढावा तर ते इकडे फिरकतच नाहीत. तुझ्या भावावर काढावा तर तो मान खाली घालून मासळीचं जाळं दुरुस्त करत बसतो. मग राहिलीस तू. मेलेल्या माणसावर रागावू नये असं म्हणतात, पण नणंदेवर रागवायचा हक्क मला लग्नात मिळालेला आहे आणि तो मी सोडणार नाही.

काल तुझी तेरवी झाली. तुझ्या शोकसभेवरून इथे काय रामायण घडलं ते सांगायचंच आहे, पण त्याआधी आपलं भांडण. ते अर्धवट टाकून तू निघून गेलीस.

आखर म्हणजे काय, हे आता गावातल्या पोरांना समजावून सांगावं लागतं. गावाबाहेर, तलावाच्या पाळीला लागून असलेली ती मोकळी जागा. सकाळी गावची सगळी गुरं तिथे गोळा व्हायची आणि गुराखी त्यांना घेऊन रानाकडे निघायचा. दिवाळी झाली की तिथेच मंडईची जत्रा भरायची, रात्री नाटक व्हायचं. हे सगळं तू पाहिलेलं. मी ब्रह्मपुरीहून लग्न होऊन आले तेव्हा आखरीवर कारखाना उभा होता. एटापल्लीच्या बाजूनं ट्रक भरभरून लाकूड यायचं आणि इथे त्याचे विजेचे खांब व्हायचे. भल्यामोठ्या लोखंडी टाकीत खांब कोंबून त्यांना हिरवं पाणी पाजायचे, म्हणजे वाळवी लागत नाही. कारखानेवाले त्या पाण्याला औषध म्हणायचे, म्हणून गावही औषधच म्हणायचं.

तुझा भाऊ तिथे खांब उचलायला होता. जेवायला बसला की त्याची बोटं हिरवट दिसायची. मी नवी नवरी, मला वाटलं याला हात धुवायची सवय नाही. तू मला बाजूला घेऊन सांगितलंस की ते धुऊन जात नाही, लक्ष देऊ नको. त्या खांबांचे कापलेले तुकडे फुकट मिळायचे. आपण ते चुलीत घातले, यमुने, वर्षानुवर्षं घातले आणि त्यावर भात शिजवला. लाकूड चांगलं धडाडून पेटायचं, त्याचं आपल्याला केवढं कौतुक होतं.

तुझे उपकार मी विसरलेली नाही, तेही याच जागी सांगून टाकते. मला शिक्षिका व्हायचं होतं आणि सासूबाईंना सून शिकते आहे हे सहन होत नव्हतं. तेव्हा तू, लग्न व्हायची मुलगी, सकाळचा सगळा स्वयंपाक स्वतःच्या अंगावर घेतलास. सासूबाईंनी आरडाओरडा केला तर त्यांना म्हणालीस की माझ्या लग्नात वहिनीच्या पगाराची साडी घेऊ. परीक्षेला मी काळीपिवळी जीपनं ब्रह्मपुरीला जायची, तेव्हा डबा तुझ्या हातचा असायचा. त्या डब्यात अंबाडीची भाजी हमखास असायची आणि मला ती मुळीच आवडत नाही, हे तुला ठाऊक होतं. ती तुझी मस्करी होती. आज मी शाळेत उभी राहून शिकवते ती तुझ्या त्या सकाळांच्या बळावर.

मग सिमेंटचे खांब आले आणि कारखाना बसला. मालक कुठे गेला कुणास ठाऊक. टाकी भंगारात गेली, पत्रे गेले, भिंतींच्या विटासुद्धा लोकांनी उचलून नेल्या. राहिली ती माती. तिच्यावर गवत उगवायचं नाही, आणि पाऊस पडला की डबक्यांत हिरवी झाक दिसायची. ते पाणी ओघळून तलावात जायचं. त्या कोपऱ्यातली मासळी गावात कुणी घरी नेत नव्हतं. ती बाजाराला जात होती.

त्याच सुमारास तू परत आलीस. तुझ्या नवऱ्यानं दुसरी आणली, आणि तू पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन भर दुपारी गावातून चालत आलीस, सगळ्यांना दिसेल अशी. भावाच्या घरात बसून खाणार नाही म्हणालीस. अंगणाच्या टोकाची खोली घेतलीस, वेगळी चूल मांडलीस. लोकांना वाटलं ही आता कोपऱ्यात बसून रडेल. तू बचत गटात गेलीस, ग्रामपंचायतीत निवडून आलीस आणि पहिल्याच सभेत विचारलंस की आखर कधी परत घेणार. पुरुष हसले. ती जागा परत घेऊन करायचं काय, विषाचं पीक काढायचं का, असं कुणीतरी म्हणालं. तू म्हणालीस, लहानपणी बाबाच्या मांडीवर बसून मी तिथे नाटक पाहिलं आहे, मला ती जागा पाहिजे.

पुढची वर्षं मी मोजत बसणार नाही. प्रदूषण खात्याच्या कचेरीसाठी तुझ्या चंद्रपूरच्या खेपा, तपासायला नेलेल्या मातीच्या पिशव्या, साहेब बदलले की पुन्हा पहिल्यापासून सांगणं. मी तुझ्याबरोबर दोनदा आले होते. एका साहेबानं तुला बाहेर बाकावर बसवून ठेवलं आणि मागच्या दारानं निघून गेला. तू त्याच्या ड्रायव्हरला गाठून विचारलंस, साहेब जेवायला कुठे जातात. खानावळीत त्याच्या समोरच्या खुर्चीवर जाऊन बसलीस आणि वरणभात मागवलास. मी लाजेनं अर्धमेली झाले होते. येताना गाडीत तू मला म्हणालीस, "वहिनी, लाज वाटाची असंन तं त्याले वाटू दे."

आणि एके दिवशी खरोखरच मशिनी आल्या. तू मळ्यातून पळत आलीस ती मला आठवते, पदराचं भान नाही, हातात विळा तसाच. हिरवी माती खरवडून त्यांनी एका कोपऱ्यात तिचा ढीग केला. खाली आणि वर जाड काळी ताडपत्री, तिच्यावर चिकणमाती, मग मुरूम, वर गवत. विष हलवून न्यायला जागा नव्हती, म्हणून ते तिथेच बांधून ठेवलं. गाव त्याला टेकडी म्हणायला लागलं. बाकीच्या जागेवर बाहेरून आणलेली चांगली माती पसरली. पोरांना झोके लागले, कबड्डीचं मैदान झालं, बचत गटाच्या बायांना बसायला शेड झाली. फाटकाशी पाटी लावली की आवारात खोदकाम करू नये. चंद्रपूरच्या साहेबीणबाईनं गावाला बसवून समजावलं की वरचा थर आहे तोवर भीती नाही. खोल खणलं, टेकडी फोडली, तर केलेलं सगळं मातीत गेलं समजा. सगळ्यांनी माना डोलावल्या. तुझा भाऊ पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होता.

इथे आपली अक्कल कमी पडली, यमुने, तुझीही आणि माझीही. झाडीपट्टीतल्या माणसाला जागा द्यायची आणि खोदू नको म्हणायचं. आपल्याकडे नाटक खुर्च्या मांडून होत नाही. धानाचं शेत रिकामं झालं की जमीन उतरती खोदायची, निघालेल्या मातीवर पुढे रंगमंच उभारायचा, आणि लोकांनी त्या खड्ड्यात पायऱ्यापायऱ्यांनी बसायचं, म्हणजे मागच्यालाही नटाचे पाय दिसतात. खड्डा कोणाच्या शेतात पडणार यावरून इथे भांडणं होतात. आखर परत मिळाली म्हणजे गावाच्या मनात एकच चित्र आलं, ते म्हणजे आखरीवर नाटकाचा खड्डा. तू जागा मागितलीस तीसुद्धा त्याच आठवणीपायी.

तुझा भाऊ नाटक मंडळाचा अध्यक्ष. तरुणपणी खलनायकाची कामं करायचा आणि अजूनही रागावला की त्याच आवाजात बोलतो. दसऱ्यानंतर अंगणात तुम्हा दोघांची जुंपली. तू म्हणत होतीस, विटांचा उंच ओटा बांधू, पुढच्यांना सतरंजी, मागच्यांना मचाण. तो ऐकेना.

"खड्ड्याबिगर नाटक पाहाले कोन येईन? मांगच्याले पुढच्याची टोपीच दिसंन," तो म्हणाला.

तू त्याला सांगितलंस की वर्ष दोन वर्षं मचाणावरून पाहू, सवय होईल. खूप वेळानं तो बरं म्हणाला. तुझा भाऊ बरं म्हणतो तेव्हा त्याला ते पटलेलं नसतं, भांडण संपवायचं असतं, हे मी इतक्या वर्षांत शिकले. तुला ते लहानपणापासून ठाऊक असायला हवं होतं. पण तू खूश झालीस आणि त्याला चहा करून दिलास.

मैदान मंडळाच्या माणसांनी खोदलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं बोलते. त्यांच्या डोळ्यांना टेकडी दिसली. आयता उतार. कुणालातरी वाटलं, ही तर देवानंच बसायला करून ठेवली आहे. तू बचत गटाच्या कामासाठी बाहेरगावी होतीस. तेवढ्यात फावडी कुदळी घेऊन माणसं चढली आणि टेकडीच्या अंगात बसायच्या पायऱ्या कापल्या. कापता कापता काळी ताडपत्री लागली. चांगली जाड, अशी आपल्याकडे विकतही मिळत नाही. आभाळ भरून आलं होतं, शेताशेतांत कापून रचलेल्या धानाची पुंजणी उघडी पडली होती. ती ताडपत्री लोकांनी कापली आणि आपापल्या पुंजण्यांवर झाकली. कुणाला वाटलंही नाही की आपण काही वाईट करतो आहोत. उलट वस्तू वाया जात होती ती कामी आणली.

आपल्या पुंजण्यावरही ती होती. तू बसमधून उतरून शेताच्या वाटेनं आलीस आणि लांबूनच थबकलीस. मी आणि तुझा भाऊ तिथेच होतो. तू जवळ येऊन ताडपत्रीवरून हात फिरवलास. आतल्या अंगाला माती चिकटलेली होती आणि ती हिरवट होती.

"दादा, हे कुठची हाय?"

"टेकडीतली. मजबूत हाय. मातीखाली सडूनच राह्यली होती."

मला वाटलं होतं तू आकांत करशील. तू आमच्या दोघांकडे नुसतं पाहिलंस, पेटी उचलावी तशी पिशवी उचललीस आणि घरी गेलीस. रात्री जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणालीस. सकाळी मी शाळेत जायला निघाले तेव्हा तुझ्या दाराला कडी होती. तू पहिल्या गाडीनं चंद्रपूरला गेली होतीस.

मंडईच्या दिवशी काय झालं ते तू फाटकात उभी राहून पाहिलंस, मी सांगायला नको. गावात घराघरात पाहुणे आलेले. लेकीजावई आलेले. मुली दाखवायचे कार्यक्रम ठरलेले. वडश्याच्या नाटक कंपनीची गाडी सामान घेऊन तलावापर्यंत पोचलेली. आणि साहेब लोकांच्या जीपा आल्या. त्यांनी टेकडी पाहिली, तोंडाला रुमाल लावले, पोरांना झोक्यांवरून उतरवलं आणि फाटकाला कुलूप घातलं. कापलेल्या पायऱ्यांवर एक साधी ताडपत्री अंथरून, लवकरच दुरुस्त करू असं सांगून ते गेले. कंपनीची गाडी परत फिरली. पाहुणे कोरडे गेले. तुझा भाऊ बाहेरगावच्या लोकांसमोर उभा होता आणि त्याला कुणीतरी विचारलं की तक्रार कुणी केली. तोवर सगळ्यांना कळलंच होतं.

"माह्या बहिणीनं माह्या गावची मंडई बुडवली," तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, त्याच खलनायकाच्या आवाजात, पण तेव्हा तो नाटक करत नव्हता.

आता आपलं भांडण. मी तुला त्या आठवड्यात म्हटलं होतं की एक दिवस थांबली असतीस. मंडई होऊ द्यायची, पाहुणे जाऊ द्यायचे, मग जायचं चंद्रपूरला. एका रात्रीत कुणी मेलं नसतं. तू चुलीपुढे बसून तांदूळ निवडत होतीस. वर न पाहता मला म्हणालीस, "अन् पोट्टे त्याच्यावर बसतीन, तवा मी कुठी बसू, वहिनी?"

पण मी त्या दिवशी मूळ गोष्ट बोललेच नव्हते. तू बरोबर होतीस की चूक, हा माझा प्रश्न नव्हता. तू साहेबाला सांगितलंस आणि आम्हाला नाही सांगितलंस. मी भिंतीपलीकडे झोपले होते. दारावर एक थाप मारली असतीस तर मी तुझ्याबरोबर आले असते, निदान गावाच्या तोंडी दोन नावं आली असती. तू भावाला एकदा विचारायचं होतंस, दादा, तू पायऱ्या बुजवतोस की मी जाऊ. त्यानं नाही म्हटलं असतं, मलाही तेच वाटतं. पण त्याला नाही म्हणायची संधी तरी मिळाली असती. तू आमच्यावर विश्वास ठेवला नाहीस. आमच्या पुंजण्यावरची ताडपत्री पाहून तू आम्हाला गावात जमा करून टाकलंस, आणि ते मला फार लागलं आहे. याचं उत्तर तू द्यायला हवं होतंस.

गावानं तुला वाळीत टाकलं असं मी म्हणणार नाही. तसं उघड काही झालं नाही. धानाच्या रोवण्याला बाया बोलवायला दारोदार फिरल्या आणि तुझं दार तेवढं चुकलं. हळदीकुंकवाचं मी समजू शकले असते, पण बचत गटाच्या बैठकीची वेळही तुला कुणी सांगेना. नळावर तू गेलीस की बाया भांडी अर्धी भरून निघायच्या. ज्या पोरांसाठी तू झोके आणलेस ती पोरं शाळेत माझ्यासमोर म्हणायची, बाई, तुमच्या यमुनाबाईनं आमचे झोके बंद केले. मी त्यांना काय सांगायचं? मी पाढे म्हणायला लावायची.

आणि साहेब लोक. दुरुस्त करू म्हणाले ते पावसाळा लागला तरी आले नाहीत. ती साधी ताडपत्री पहिल्या वाऱ्यात उडाली. सारा पावसाळा कापलेल्या पायऱ्यांवर पाऊस पडत होता आणि हिरवं पाणी पुन्हा तलावाकडे निघालं होतं. तू आजारी असतानाही फोन लावत होतीस. फोन उचलणारा दरवेळी नवा असायचा आणि तू दरवेळी आखर म्हणजे काय इथपासून सुरुवात करायचीस. मला वाटतं तुला त्या आजारापेक्षा त्या फोननं जास्त संपवलं. गावात म्हणतात, तिनं ते विष उकरून काढलं, तेच तिला बाधलं. डॉक्टरांनी असं काही सांगितलेलं नाही. पण हे बोलणारे तेच, ज्यांच्या पुंजण्यांवर ती ताडपत्री होती, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलं.

शेवटी शेवटी तू फार हलकी झाली होतीस. तुला उठवून बसवताना मला भीती वाटायची. पेज भरवली तर दोन घोटांनंतर मान फिरवायचीस. एकदा मी मुद्दाम अंबाडीची भाजी केली, म्हटलं सूड उगवते. तू हसलीस आणि ती मात्र थोडी खाल्लीस. तुझा भाऊ अंगण ओलांडून तुझ्या खोलीत आला नाही. पोळ्याला नाही, गणपतीत नाही. राखीला तू राखी माझ्या हाती दिलीस, ती मी त्याच्या उशाशी ठेवली. त्यानं ती बांधली नाही आणि टाकलीही नाही. तो आला तो तुला तिरडीवर घ्यायला. वैनगंगेवर त्यानं अग्नी दिला. बायकांनी जायची पद्धत नाही, म्हणून मी ते पाहिलं नाही.

आता शोकसभेचं. तेरवीच्या आधी सरपंचभाऊ चारचौघांना घेऊन आले. खुर्च्या, चहा, तुझी स्तुती, सगळं झालं. मग म्हणाले, यमुनाबाईंची शोकसभा आखरीवरच घेऊ, जागा तिनंच आणली. मैदानाला तिचं नाव देऊ, फाटकावर कमान करू. किल्ली पंचायतीकडेच आहे, साहेबांना नंतर कळवू. मी विचारलं, टेकडी तशीच उघडी आहे, तिचं काय. ते म्हणाले, होईल ते मागाहून, एकदा फाटक उघडलं की पुढचं सोपं आहे. दिवाळी तोंडावर आलेली होती आणि ते काय सोपं करू पाहत होते ते मला लख्ख दिसलं. तुझ्या फोटोला हार घालायच्या निमित्तानं कुलूप काढायचं, आणि एकदा काढलेलं कुलूप मंडईच्या आधी पुन्हा कोण लावतो. तुझ्या शोकसभेतून थेट नाटकाच्या तयारीत. आणि विरोध कोण करणार? तुझ्याच नावाची कमान.

मी नाही म्हटलं. सरपंचभाऊ समजुतीनं हसले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही भावजय. रक्ताचं मानूस तं भाऊ हाय. त्यायले विचारू."

तुझा भाऊ, दामोदर, पडवीत बसलेला होता. जाळं मांडीवर होतं. मला ठाऊक होतं तो काय म्हणणार. मंडळाचा अध्यक्ष, वर्षभर गावात तोंड लपवून फिरलेला, त्याला तर गावानं हे ताट वाढून आणलेलं. मी आत निघून जाणार होते, ते ऐकावंसं वाटेना.

"कुलूप तिनं लावलं हाय," तो म्हणाला. "तिच्याच नावानं उघडाचं नाई."

सरपंचभाऊंनी त्याला पुन्हा समजावलं. गावाचा मान, बहिणीचा मान, मंडळाचा मान. तुझा भाऊ जाळ्याची गाठ मारत राहिला. टेकडी आधी बुजवा, मग नाव लावा, एवढंच म्हणाला. तोवर मी फाटकाशी बसतो, ज्याला उघडायचं असेल त्यानं मला उचलून बाजूला ठेवावं. आणि तेरवीच्या दिवशी जेवणं उरकल्यावर तो खरंच जाऊन बसला, फाटकाला पाठ टेकून, डोक्यावर टॉवेल घेऊन. गावातली माणसं तिथवर आली, त्याच्याकडे पाहिलं आणि परत गेली. शोकसभा मग शाळेच्या ओसरीत झाली. खुर्च्या बऱ्याच रिकाम्या होत्या. नाव द्यायचा विषय कुणी काढला नाही. मंडईचं काय ते दिवाळीला कळेल, मला फारशी आशा नाही.

दिवेलागणीला मी त्याच्यासाठी पाणी घेऊन गेले. फाटकाशी आम्ही दोघंच होतो. मला फार राग आला होता. मी त्याला विचारलं, हे एवढं तिच्याजवळ जाऊन का नाही बोललात? ती तिथे अंगणापलीकडे पडून होती. पाच पावलं नव्हती.

त्यानं पाणी प्यायलं. तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "ते इतक्या लवकर जाईन, हे मले कुठी मालूम होतं."

मालूम होतं, यमुने. रोज सकाळी शेतावर निघताना तो मला विचारायचा, रात्री तिच्या पोटात काही गेलं का. आणि रोज मी त्याला सांगत होते, नाही गेलं.